सायलेन्सर : एका नळीचा प्रशासकीय इतिहास

मोटारसायकलच्या मागची धुराची नळी हा प्रशासनाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु अर्थशास्त्रातील ‘बाह्यता’ ही संकल्पना समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण मला आढळलेले नाही. नळी विकत घेणारा एक असतो आणि तिची खरी किंमत मोजणारे रस्त्यालगतच्या घरांत झोपलेले शंभर असतात. त्या शंभरांच्या वतीने शासनाने आजवर काय केले, याचा हा धावता आढावा.

प्रथम नळीविषयी. इंजिनातून सुटणारा वायू दाबाच्या लाटा घेऊन बाहेर पडतो. सायलेन्सरमधील कप्पे, सच्छिद्र नळ्या आणि ग्लासवूल त्या लाटा मोडतात. हार्ले-डेव्हिडसनच्या क्रूझरमध्ये दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात व त्यांतील स्फोट समान अंतराने होत नाहीत. त्यातून तो प्रसिद्ध, अडखळता, घनगंभीर आवाज निघतो. कंपनीने १९९४ मध्ये या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली आणि प्रदीर्घ वादानंतर २००० मध्ये अर्ज मागे घेतला. आवाज ही विकाऊ वस्तू आहे, हे बाजाराने केव्हाच ओळखले होते.

अमेरिकेने १९७२ मध्ये ध्वनिनियंत्रण कायदा केला. मोटारसायकलींसाठी १९८३ पासून ८३ आणि १९८६ पासून ८० डेसिबल ही मर्यादा आली. त्यातील विशेष असा की, गाडीबरोबरच सुटी विकल्या जाणाऱ्या नळीवरही मानकाचा शिक्का सक्तीचा झाला. मात्र ‘केवळ स्पर्धेसाठी’ असे छापून मोकळ्या नळ्या विकण्याची वाट उघडी राहिली, आणि ध्वनिनियंत्रण कार्यालयाचा निधी तर ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच बंद झाला होता. नियम राहिला, राबवणारा हात गेला.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आवाजाचे नियम प्रांतांवर सोपवले होते. १९८८ च्या कायद्यानंतर, १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२० ने प्रत्येक वाहनास सायलेन्सर सक्तीचा केला. पुढे १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकीस ८० डेसिबलची मर्यादा ठरली. पण ही मर्यादा उत्पादनाच्या टप्प्यावरची आहे. चाचणी कारखान्यात होते, नळी मात्र गल्लीत बदलते. १९५५ मध्ये मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली आणि पुढे तिच्याभोवती सुट्या भागांचा एक समांतर बाजार उभा राहिला. दिल्लीत वास्तव्य केलेल्या वाचकांनी करोल बाग पाहिली असेल. लाँग बॉटल, गोल्डस्टार, इंदोरी, पंजाब ही तेथील सायलेन्सरांची नावे आमच्या कोणत्याही अधिसूचनेत सापडणार नाहीत.

२००७ चा प्रसंग मराठी वाचकांस विशेष रुचेल. भारतीय आंब्यास अमेरिकेची बाजारपेठ १९८९ पासून बंद होती. २००७ मध्ये ती उघडली आणि त्याच वाटाघाटींत ८०० घनसेंटिमीटर व त्यावरील, युरो-३ मानकाच्या मोटारसायकलींची आयात आपण मान्य केली. लासलगावच्या केंद्रात विकिरण होऊन हापूस तिकडे गेला, हार्ले इकडे आली. दोन्ही बाजूंनी मानकांची कसोशी झाली, परंतु ती प्रवेशद्वारापुरती. पेटीतला आंबा वाटेत बदलत नाही. मोटारसायकलची नळी गाडी विकली गेल्यानंतर बदलते.

मग प्रशासनाच्या हाती उरते ती चौकातली कारवाई. २०१९ च्या दुरुस्तीने ध्वनिमानकाच्या भंगास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. छायाचित्रे उत्तम आली. पण चिरडलेली नळी ही विकून झालेली नळी असते. हेल्मेटच्या बाबतीत शासनाने वेगळा मार्ग धरला. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना दुचाकीस्वाराचे हेल्मेट बनवणे व विकणेच बेकायदा ठरले. सुट्या सायलेन्सरलाही हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे. एका विक्रेत्याला रोखणे हे हजार स्वारांना अडवण्याहून स्वस्त पडते व न्याय्यही ठरते.

बंगळुरूस असलेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी विचारले, “मामा, क्रूझरला कोणती नळी बसवू?” मी त्याला लिहिले : शक्यतो कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेलीच घे. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांचा मेळ असतो, त्यांना हात लावू नकोस. तोंडातला आवाज दाबणारा सुटा भाग काढता येतो म्हणून काढू नकोस. आणि दहा डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दहापट होते, हे ध्यानात ठेव.

त्याने यातले किती मानले, हे त्याच्या शेजाऱ्यांना ठाऊक. नागरिकाच्या विवेकावर सारा भार टाकणारा नियम दुबळा असतो. तो भार नळी विकली जाते त्या दुकानाच्या उंबरठ्यावर उतरवणे, हे काम अद्याप शिल्लक आहे.