अमेरिकेंत ऐकलेला हिंदुस्थान

स्वदेश सोडून परक्या मुलखांत राहावयास गेलेल्या मनुष्यास पहिल्या कांहीं दिवसांतच एक चमत्कारिक अनुभव येतो. आपण येण्यापूर्वींच आपला देश तेथें येऊन बसला आहे, असें त्यास आढळून येतें. मात्र तो देश त्याच्या ओळखीचा नसतो. त्यांतील नद्या मगरींनीं भरलेल्या असतात, रस्त्यांवरून नाग फिरत असतात, आणि राजेलोक हत्तींवर बसून वाघांच्या शिकारीस निघालेले असतात. पाहुण्यास प्रश्न विचारले जातात ते या देशाविषयीं. आणि त्याचें उत्तर प्रश्नकर्त्याच्या समजुतीशीं जुळलें नाहीं, तर चूक समजुतीची न ठरतां उत्तर देणाराची ठरते.

हा अनुभव कोणत्याहि एका देशाच्या लोकांपुरता नाहीं. तथापि प्रस्तुत विवेचनासाठीं आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेले आपलेच लोक घेतों, आणि काळ घेतों तो १८८३ पासून १९४६ पर्यंतचा. १८८३ च्या जून महिन्यांत आनंदीबाई जोशी वैद्यकीचें शिक्षण घेण्यासाठीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या; १९४६ च्या जुलै महिन्यांत आपल्या लोकांस तेथील नागरिकत्वाचा हक्क देणारा कायदा झाला. या त्रेसष्ट वर्षांत ज्या समजुतींना आपल्या लोकांनीं कधीं हंसून तर कधीं चिडून उत्तरें दिलीं, त्यांचा उगम कोठें होता व शेवट कोठें झाला हें पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. गैरसमज अज्ञानांतून जन्मतो हें खरें. पण तो दीर्घायुषी होतो तो त्यावर कोणाचा तरी चरितार्थ चालतो म्हणून.

प्रारंभ नांवापासूनच करावा लागतो. १४९२ सालीं कोलंबस पश्चिमेकडील बेटांवर उतरला, तेव्हां आपण हिंदुस्थानाच्या आसपास पोंचलों अशी त्याची खात्री होती. म्हणून तेथील रहिवाशांस त्यानें 'इंडियन' म्हटलें. चूक लवकरच उघडकीस आली, पण नांव कायम राहिलें. पुढें चारशें वर्षांनीं खरोखरीचे इंडियन अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले, तों त्यांचें नांव अगोदरच दुसऱ्यास देऊन टाकलेलें! तेव्हां या नव्या लोकांस म्हणावें काय? अमेरिकन जनतेनें त्यास 'हिंदु' हा शब्द योजला. आपल्या भाषेंत एके काळीं देशावरून 'हिंदी' व धर्मावरून 'हिंदु' असा भेद केला जाई. या लेखांतहि तोच पाळला आहे. अमेरिकेंत तो भेद मुळींच नव्हता. कॅलिफोर्नियांत शेतीच्या कामास गेलेले हिंदी लोक बहुतांशीं पंजाबांतील शीख होते आणि कांहीं मुसलमान होते. पण सरकारदरबारीं ते सारे 'हिंदु'. १९३० व १९४० च्या तेथील खानेसुमारींत तर 'हिंदु' हा एक स्वतंत्र मानववंश म्हणून नोंदला गेला. पांच वेळां नमाज पढणारा 'हिंदु' ही जात आपल्या कोणत्याहि स्मृतिकारास सुचली नाहीं; ती खानेसुमारीच्या कारकुनास सुचली.

नांवाची गोष्ट निरुपद्रवी म्हणून सोडून देतां येईल. मगरींची तशी नाहीं. हिंदु माता आपलें तान्हें मूल गंगेंतील मगरींच्या तोंडीं देते, असें चित्र एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील मुलांच्या धार्मिक पुस्तकांत छापलेलें असे. हीं मुलें मोठीं झालीं तेव्हां चित्र विसरलीं नाहींत. स्वामी विवेकानंद १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेनंतर गांवोगांव व्याख्यानें देत हिंडले, तेव्हां या मगरींनीं त्यांचा पिच्छा पुरविला. एका बाईनें त्यांस हाच प्रश्न विचारला असतां, आपणांसहि लहानपणीं नदींत टाकलें होतें, पण बायबलांतील योना माशाच्या पोटांतून सुटला तसे आपणहि सुटलों, असें उत्तर त्यांनीं दिल्याचें आठवणींत नमूद आहे. उत्तर विनोदी खरें. पण हजारों मैल प्रवास करून वेदान्त सांगण्यास आलेल्या मनुष्यास प्रथम आपण मगरींच्या तोंडून कसे वांचलों हें सांगावें लागावें, यांतली शोकपर्यवसायी बाजू कोणासहि दिसेल.

या चित्रास मुळींच आधार नव्हता, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. बंगालमध्यें गंगा समुद्रास मिळते त्या सागर बेटावर नवस फेडण्यासाठीं मूल पाण्यांत सोडण्याचे प्रकार घडत असत. मिशनरी विल्यम कॅरे यानें त्याकडे सरकारचें लक्ष वेधलें आणि १८०२ सालीं गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें कायद्यानें ही चाल बंद केली. म्हणजे विवेकानंद शिकागोस पोंचले तेव्हां त्या गोष्टीस नव्वद वर्षें होऊन गेलीं होतीं. पण एका ठिकाणची क्वचित् घडणारी व बंद झालेली चाल चित्रांत आली, कीं तिचा काळ व स्थळ दोन्ही गळून पडतात. राहते ती फक्त आई, मूल आणि मगर. धर्मप्रसारासाठीं वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळास हें चित्र सोयीचें होतें. कायदा होऊन चाल बंद पडली, हें सांगून वर्गणी वाढत नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, याच मिशनरी वाङ्मयानें एकदां मोठेंच उपकाराचें काम केलें. गोपाळराव जोशी यांनीं पत्नीच्या शिक्षणाविषयीं कोल्हापूरकडील एका मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें. न्यू जर्सींतील कार्पेंटर नांवाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें, आणि तेथून पुढें आनंदीबाईंचा अमेरिकेचा मार्ग खुला झाला. कार्पेंटरबाईंनीं चित्र न पाहतां पत्र वाचलें, हा या दोन गोष्टींतला फरक.

मिशनमंडळांना वर्गणी हवी होती. वृत्तपत्रांना खप हवा होता. हिंदी जादूगार दोर हवेंत फेंकतो, तो उभा राहतो, त्यावर एक मुलगा चढतो आणि दिसेनासा होतो, ही गोष्ट जगांत सर्वांस ठाऊक आहे. अशा प्रकारच्या अद्भुत कथा जुन्या प्रवासवर्णनांत आढळतात. पण अलीकडच्या काळांत तिचा बोलबाला झाला तो शिकागो ट्रिब्यून पत्राच्या ८ ऑगस्ट १८९० च्या अंकांतील एका लेखामुळें. दोन अमेरिकन तरुणांनीं हा खेळ प्रत्यक्ष पाहिला, एकानें त्याचें चित्र काढलें व दुसऱ्यानें छायाचित्र घेतलें. चित्रांत मुलगा व दोर दिसतात आणि छायाचित्रांत कांहींच दिसत नाहीं, तेव्हां जादूगार प्रेक्षकांवर मोहिनी घालतो, असें त्यांत प्रतिपादन होतें. चारएक महिन्यांनीं पत्रानें स्वतःच कबूल केलें कीं ही सारी गोष्ट रचलेली होती. छायाचित्र घेणाराचें नांव 'फ्रेड एस्. एल्मोर' असें दिलें होतें. मधलें आद्याक्षर आडनांवास जोडून वाचलें असतां 'सेल मोअर', म्हणजे 'अधिक विका', असा उच्चार होतो! पत्राचा हेतु लेखांतच छापला होता. तथापि कबुलीजबाब फारसा कोणी वाचला नाहीं आणि गोष्ट जगभर गेली. पुढें अनेक प्रवासी ती शोधीत हिंदुस्थानांत आले, आणि परदेशीं गेलेल्या कित्येक हिंदी विद्यार्थ्यांना, आपल्याला ही जादू येत नाहीं, हें ओशाळून सांगावें लागलें.

एकच वस्तु दोन गांवीं कशी निरनिराळी दिसते, याचें उदाहरण म्हणून फेट्याची गोष्ट पाहावी. ४ सप्टेंबर १९०७ रोजीं वॉशिंग्टन संस्थानांतील बेलिंगहॅम गांवीं सुमारें पांचशें गोऱ्या लोकांच्या जमावानें लांकूड कापण्याच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांवर हल्ला केला. हे मजूर बहुतेक शीख होते. फेटा हीच त्यांची खूण होती. त्यांना घरांतून ओढून काढण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत ते सर्व गांव सोडून गेले. आतां चाळीस वर्षें पुढें जाऊं. जेसी रूटे नांवाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशक १९४३ सालीं दक्षिणेकडील अलाबामा संस्थानांत मोबील शहरीं गेले असतां, तेथील वर्णभेदाच्या कायद्यांमुळें त्यांस अपमान सोसावा लागला. १९४७ सालीं ते पुन्हां त्याच शहरीं गेले. या वेळीं डोक्यास फेटा, अंगांत पायघोळ झगा, आणि बोलण्यांत किंचित् स्वीडिश ढंग. सर्वांनीं त्यांस पूर्वेकडील कोणी थोर पाहुणा समजून मोठ्या अदबीनें वागविलें. एका उपाहारगृहांत त्यांनीं सहज विचारलें कीं, येथें एखादा कृष्णवर्णीय जेवावयास आला तर काय होईल? तसें धाडस कोणी करणार नाहीं, असें उत्तर मिळालें. बेलिंगहॅमला ज्या फेट्यानें मार खाल्ला, त्यानेंच मोबीलला मेजवानी खाल्ली! फेट्याखालीं कोण आहे, हें पाहण्याची गरज दोन्ही ठिकाणीं कोणास भासली नाहीं.

येथवर वाचकांस वाटेल कीं दोष सारा परक्यांचा. पण अशा गैरसमजांस उत्तर देणाऱ्या देशभक्तावरहि एक मोठा कठीण प्रसंग येतो. पंडिता रमाबाईंनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकांत उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांची, विशेषतः बालविधवांची, दुःस्थिति अमेरिकन लोकांपुढें मांडली, आणि त्यांच्या साह्यासाठीं तेथें ठिकठिकाणीं मंडळें निघालीं. १८९५ सालीं ब्रुकलिन येथें विवेकानंदांचीं व्याख्यानें झालीं, तेव्हां विधवांच्या हालांविषयींचें वर्णन अतिशयोक्त आहे, अशा आशयाचें ते बोलले. त्यावर तेथील रमाबाई मंडळाच्या स्त्रियांनीं हरकत घेतली आणि वाद वर्तमानपत्रांत गेला. विवेकानंदांचा संताप आम्ही समजूं शकतों. मगरींच्या चित्रानें ज्याची पाठ सोडली नाहीं, त्यास परक्यांच्या सभेंतील प्रत्येक दोषवर्णन त्याच चित्राचा भाग वाटणें स्वाभाविक होतें. परंतु महाराष्ट्रांतील वाचकांस हें सांगावयास नको कीं केशवपन झालेली बालविधवा ही चित्रकाराची कल्पना नव्हती. ती आपल्याच घरांत माजघरामागें बसलेली होती. खोट्या गोष्टींचा मारा झाला म्हणजे खऱ्या गोष्टीचाहि इन्कार करावासा वाटतो, हा गैरसमजांचा सर्वांत मोठा अपाय. त्यामुळें परका फसतोच, पण आपणहि स्वतःस फसवूं लागतों.

आतां या हास्यकथेचा शेवट पाहावयाचा. १७९० च्या कायद्याप्रमाणें बाहेरून आलेल्यांपैकीं 'स्वतंत्र गोऱ्या मनुष्यांस'च अमेरिकेचें नागरिकत्व मिळूं शके. पुढें आफ्रिकन वंशाच्या लोकांचा त्यांत समावेश झाला. भगतसिंग थिंड नांवाचा अमृतसर जिल्ह्यांतील शीख तरुण १९१३ सालीं अमेरिकेंत गेला व १९१८ मध्यें तेथील सैन्यांत दाखल झाला. त्यास मिळालेलें नागरिकत्व चारच दिवसांत रद्द झालें. १९२० सालीं तें पुन्हां मिळालें, तेव्हां सरकारनें तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. त्याच न्यायालयानें नोव्हेंबर १९२२ मध्यें ओझावा नामक जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळतांना, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असें म्हटलें होतें. उत्तर हिंदुस्थानांतील लोकांस त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ कॉकेशियन वंशांतच गणीत. म्हणून थिंड याची बाजू बळकट वाटत होती. परंतु १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्यायालयानें निराळाच निकाल दिला. शास्त्रज्ञ कांहींहि म्हणोत, 'गोरा' हा शब्द सामान्य मनुष्याच्या समजुतीप्रमाणें घ्यावयाचा, आणि त्या समजुतीप्रमाणें थिंड गोरा नव्हे! निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ति सदर्लंड हे स्वतः इंग्लंडांत जन्मून बालपणीं अमेरिकेंत आलेले. त्यांनीं या निष्ठावान् शिखाचें वर्णन केलें तें 'उच्चवर्णीय हिंदु' असें.

सामान्य मनुष्याची समजूत! ज्या समजुतीनें मगरी, दोर आणि फेटे एकत्र केले होते, तीच आतां कायद्याचें प्रमाण ठरली. पूर्वीं नागरिकत्व मिळालेल्या कित्येक हिंदी लोकांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें, आणि जमीन धारण करण्याचे त्यांचे हक्क कॅलिफोर्नियांत बुडाले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई १९१५ सालीं बायकामुलांसह तेथें गेले होते व १९२१ सालीं नागरिक झाले होते. ब्रिटिशांचें राज्य नको म्हणून देश सोडलेल्या या गृहस्थास नागरिकत्व गेल्यावर, स्वदेशीं जाऊन येण्यासाठीं ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असें सांगण्यांत आलें. १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. थिंड यास सैनिक म्हणून १९३६ सालीं अखेर नागरिकत्व मिळालें. इतरांस १९४६ पर्यंत थांबावें लागलें, आणि तेव्हांहि नव्यानें येणाऱ्या हिंदी लोकांची वार्षिक मर्यादा ठरली ती फक्त शंभराची.

अमेरिकनांस हंसून हा लेख संपविणें सोपें आहे. पण न्यायाचें होणार नाहीं. तामीळ, तेलुगु, कन्नड व मलयाळी अशा चार भाषा बोलणाऱ्या लोकांस मुंबईपुण्याकडे आपण पिढ्यान्पिढ्या एकाच 'मद्रासी' शब्दांत कोंडलें. मणिपुर किंवा नागालँडमधून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांस, 'आपला देश कोणता?' असें आजहि विचारणारे लोक आपल्यांत आहेत. मनुष्यांचें राहूं द्या, झाडांनाहि आपण सोडलें नाहीं. ज्या झाडाच्या आकड्यांसाठीं लहानपणीं आपण कुंपणांवर चढलों, त्यास आपण 'विलायती चिंच' म्हणतों. इंग्रज त्यालाच मनिलाची चिंच म्हणतात. तें झाड ना विलायतेचें, ना मनिलाचें. तें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचें. कोलंबसानें अमेरिकेस हिंदुस्थान म्हटलें, आपण अमेरिकेच्या झाडास विलायती म्हटलें. हिशेब कांहींसा पुरा झाला.

चिंचेस नांवाचें दुःख नाहीं, मनुष्यास आहे. म्हणून आपल्या दारीं परका मनुष्य आला असतां, त्यास त्याच्या देशाविषयीं प्रश्न विचारण्यापूर्वीं, तो देश आपणांस कोणीं सांगितला आणि सांगणाराचा त्यांत लाभ काय होता, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.