मुंबई बेटावरील एक मिशनरी दांपत्य

घणसोली गावाच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी पसरली आहे. तिच्या पैलतीरी जी टेकड्यांची ओळ दिसते ती साष्टी बेटाची. त्या बेटाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत; आणि खाडी जेथे दक्षिणेस बंदराला मिळते तेथे घारापुरीचे बेट आहे. हल्ली वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून घटकाभरात पलीकडे जाणाऱ्या मनुष्यास आपण एका बेटावर उतरत आहो याची आठवणही राहत नाही. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबई, साष्टी, घारापुरी ही नावे उच्चारताच परकी माणसाच्या डोळ्यांपुढे माड, दमट उष्मा, ताप आणि डोंगरात कोरलेली देवळे ही उभी राहत. सन १८२९ मध्ये कुलाबा अद्यापि मुंबईस जोडलेला नव्हता. तो रस्ता १८३८ साली झाला. माहीमहून वांद्र्यास जावयाचे तर तरीवाचून गत्यंतर नव्हते. जमशेटजी जिजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांच्या द्रव्यसाहाय्याने झालेला पूल १८४५ साली खुला झाला. अशा त्या बेटावर १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन व मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश दांपत्य जहाजातून उतरले.

विल्सनचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. गिरगाव चौपाटीवरील कॉलेजामुळे ते घरोघर पोचले आहे. परंतु हे नाव दोघांचे होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मार्गारेट बेन ही ग्रीनॉकची. १७९५ साली जन्मलेली, म्हणजे पतीहून नऊ वर्षांनी वडील. १८२८ च्या ऑगस्टात विवाह झाला आणि लागलीच उभयतांनी हिंदुस्थानची वाट धरली. मुंबईस पोचल्यावर त्यांनी पहिले काम कोणते केले असेल तर मराठी शिकण्याचे. त्याकरिता ती दोघे कोकणात बाणकोट व हर्णै येथे जाऊन राहिली. स्कॉटिश मिशनच्या शाळा तेथे १८२३ पासून चालत होत्या. सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग घेऊन बसलेले हर्णै ही स्थळे आज आपण हवापालटास म्हणून पाहतो. त्या दोघांनी ती भाषेची पाठशाळा केली. पुष्कळ इंग्रज अधिकारी तीस तीस वर्षे या देशात काढूनही चाकरमाणसांस हुकूम देण्यापलीकडे मराठी शिकले नाहीत, हे स्मरले म्हणजे या महिन्यांचे मोल कळते.

वर्षअखेरीस ती मुंबईस परत आली आणि मार्गारेटने मुलींच्या शाळा काढण्यास आरंभ केला. या कामात ती पहिली नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ सालीच मुलींची शाळा घातली होती, आणि १८२७ अखेर मिस सिंथिया फरार ही अविवाहित बाई खास त्याच कामाकरिता येऊन दाखल झाली होती. तथापि अग्रमानाचा हा वाद निरर्थक आहे. महत्त्वाचा प्रश्न निराळाच. आपल्या मुलीस अक्षर शिकविणे म्हणजे तिला वैधव्य ओढवून घेणे, अशी समजूत ज्या घरांतून होती त्या घरांतून मुली बाहेर याव्या कशा? शिकविण्यास स्त्रिया मिळत नसत, कारण शिकलेली स्त्रीच दुर्मीळ. तेव्हा आरंभीच्या मुली बहुधा गरिबांच्या, ज्यांना प्रतिष्ठा जाण्याचे भय नव्हते अशांच्या असत. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपला उगम आजही १८३२ सालाशी व मार्गारेटच्या नावाशी जोडते.

आता येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. हे दांपत्य केवळ परोपकाराच्या इच्छेने आले नव्हते. शाळेत अक्षरओळख होत असे ती बायबल वाचता यावे म्हणून. जॉन विल्सनने १८३० साली ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक काढले. १८३१ साली मोरभट दांडेकर या शास्त्रीबोवांशी त्याचा जाहीर वाद झाला. शास्त्रीबोवांनी हिंदुधर्माच्या स्थापनेचे पुस्तक लिहिले, विल्सनने त्याचे खंडन छापले, आणि मुंबईच्या चाळीवाड्यांत कित्येक महिने दुसरा विषय नव्हता म्हणतात. आमच्या देवांविषयी विल्सनने त्या पुस्तकात जी भाषा वापरली ती आज वाचवत नाही. दातृत्व आणि तिरस्कार हे एकाच हातून मिळत असले तर घेणाऱ्याने काय करावे, हा पेच आमच्या आजेपणज्यांपुढे होता. आणि तो सोपा नव्हता.

विल्सनला प्रवासाची विलक्षण आवड होती. प्रचाराच्या निमित्ताने तो नाशिक, गोवा, गुजरात असा फिरला. आणि जेथे जाई तेथील लेणी, शिलालेख, पोथ्या पाहिल्यावाचून राहत नसे. साहेबलोक घारापुरीस होड्या घेऊन जात ते सहलीकरिता. लेण्यात फराळ करीत आणि खांबांवर आपली नावे कोरून परत येत. विल्सनचे पाहणे त्या जातीचे नव्हते. १८३५ च्या मार्चात तो गिरनारच्या पायथ्याशी अशोकाच्या शिलेपुढे उभा होता. त्या लेखाचा ठसा घेतला जावा म्हणून त्याने खटपट केली. तो कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपच्या हाती पोचला, आणि १८३८ साली त्या अक्षरांतून ग्रीक राजांची नावे वाचली गेली. हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासास कालगणनेचा जो भक्कम खुंटा मिळाला तो असा.

गिरनारची ही यात्रा झाली त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १९ एप्रिल १८३५ रोजी, मार्गारेट मुंबईत वारली. वय एकोणचाळीस, या देशात सहा वर्षे. मागे लहान मुले होती. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या संसारातील श्रमविभाग स्पष्ट दिसतो. पती हिंडे, वाद करी, शिलालेख शोधी. शाळा, घर, मुले आणि बेटाची हवा ही पत्नीच्या वाट्यास. विल्सनने १८३८ साली तिचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यात तिची पत्रे आहेत. त्या वेळच्या मुंबईकडे एका सुशिक्षित स्त्रीने कसे पाहिले हे जाणण्यास त्याच्यासारखे साधन थोडे. मराठीत त्याचा परामर्श कोणी घ्यावा, अशी आमची फार इच्छा आहे.

लेण्यांचा धागा मात्र पुढे वाढला. १८४८ साली मुंबईत लेण्यांच्या पाहणीकरिता मंडळ नेमण्यात आले. विल्सन त्याचा अध्यक्ष होता. पश्चिम हिंदुस्थानातील बौद्ध, ब्राह्मणी व जैन लेण्यांविषयी त्याचा विस्तृत निबंध १८५० साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. मूर्तिपूजेचे खंडन करण्यास आलेला मनुष्य मूर्तींची मोजमापे घेऊन त्या जपाव्या म्हणून सरकारास सांगतो, हा केवढा पालट! त्याची मते बदलली असे आम्ही म्हणत नाही. शेवटपर्यंत ती तीच राहिली. परंतु जी वस्तू मनुष्य वर्षानुवर्षे बारकाईने पाहतो तिच्याविषयी त्याच्या हातून निष्काळजीपणा होत नाही.

शाळांचे पुढे काय झाले? १८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी विल्सनच्या शाळेत शिकून बाप्तिस्मा घेतला. शहरात खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेले, आणि पालकांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून नेली. यावरून लोकांनी शिक्षण धिक्कारले असे मात्र झाले नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातील तरुणांनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली, आणि पुढल्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा उघडल्या. जगन्नाथ शंकरशेट यांनी एका शाळेकरिता स्वतःच्या वाड्यात जागा दिली. दादाभाई नवरोजींसारखे तरुण आपली नित्याची कामे सांभाळून वेतनावाचून तेथे शिकवीत. या शाळांत धर्माचा पाठ नव्हता. पुण्यात याच सुमारास, १८४८ साली, जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा घातली. ते स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते अहमदनगरास त्याच मिस फरारपाशी. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांनी अक्षर व बाप्तिस्मा यांची एकत्र मोट बांधून आणली होती. आमच्या लोकांनी ती सोडविली, अक्षर ठेवून घेतले आणि उरलेले नम्रपणे परत केले. आमच्या मते एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राने केलेला हा मोठ्यांतला मोठा विवेक होय. मात्र त्याकरिता मोट कोणी तरी समुद्रापलीकडून वाहून आणावी लागली, हेही तितकेच खरे.

मार्गारेटच्या मृत्यूनंतर तिच्या दोन बहिणी, अ‍ॅना व हे बेन, मुंबईस आल्या आणि त्यांनी शाळांचे काम उचलले. १८४६ साली विल्सनने इझाबेला डेनिस्टन हिच्याशी दुसरा विवाह केला. तीही १८६७ साली वारेपर्यंत त्याच कामात होती. विल्सन स्वतः मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच वारला. मार्गारेटचा मुलगा अँड्र्यू १८३१ साली मुंबईत जन्मला होता. त्याने आईबापांचा मार्ग धरला नाही; तो वृत्तपत्रकार व प्रवासी झाला, आणि बाप वारला त्याच वर्षी हिमालयातील त्याच्या भ्रमंतीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘बर्फाचे निवासस्थान’ अशा अर्थाचे आहे.