चहा न ओतणारी किटली : दोन पृष्ठांच्या छेदाचा इतिहास

१/
संगणकीय चित्रणाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे चहाची एक साधी किटली. युटा विद्यापीठातील मार्टिन न्यूवेल यांनी १९७५ मध्ये आपल्या घरातील किटलीचा आकार संगणकात उतरवला. मूळ किटली आज कॅलिफोर्नियातील कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मात्र संगणकातील त्या किटलीतून चहाचा थेंबही बाहेर पडणार नाही. असे का, हे सांगणारा हा धागा.

२/
त्या किटलीची तोटी पोटात शिरलेली आहे, पण पोटाला तेथे भोकच नाही. दोन वक्र पृष्ठे एकमेकांतून आरपार गेली आहेत, इतकेच. चित्रासाठी एवढे पुरते. परंतु ज्याला खरी वस्तू घडवायची आहे, त्याला दोन पृष्ठे जेथे भेटतात ती रेषा शोधून पलीकडचा भाग वगळावा लागतो. यालाच अभिकल्पाच्या भाषेत ‘ट्रिमिंग’ म्हणतात.

३/
हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. दोन अर्धगोल कमानी एकमेकींना छेदतात तेव्हा सांध्यावरचा दगड नेमका कसा घडवायचा, हे कोडे युरोपातील पाथरवटांना शतकानुशतके सोडवावे लागत होते. फ्रान्समध्ये फिलिबेर द लॉर्म यांनी १५६७ च्या आपल्या वास्तुग्रंथात या विद्येला स्थान दिले.

४/
पुढचे मोठे पाऊल गास्पार मोंज यांचे. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात, सरदार घराण्यातले नसल्यामुळे, त्यांना आरंभी आराखडे काढण्याचेच काम मिळाले होते. छेदरेषा शोधण्याची त्यांची रीत अशी : दोन्ही पृष्ठांना एका सपाट प्रतलाने कापा, मिळालेल्या दोन वक्ररेषा जेथे भेटतील तो बिंदू छेदावरचा. प्रतल सरकवत राहा, बिंदू जोडत जा.

५/
तटबंदीच्या कामी येणारी ही विद्या दीर्घकाळ लष्करी गुपित राहिली. क्रांतीनंतर, १७९५ मध्ये, मोंज यांनी ती पॅरिसच्या व्याख्यानांतून सर्वांसाठी खुली केली. आजच्या अभियांत्रिकी चित्रकलेचा पाया तोच.

६/
गुपिताचा दुसरा प्रसंगही फ्रान्समधलाच. १९५९ च्या सुमारास सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी मोटारींचे वक्र आकार गणिताने बांधण्याची रीत शोधली. कंपनीने ती दडवून ठेवली. पुढे रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेथवर पोहोचून आपले काम प्रसिद्ध केले. म्हणून त्या वक्रांना नाव बेझिए यांचे मिळाले.

७/
या पद्धतीत पृष्ठाचा प्रत्येक तुकडा, म्हणजे ‘पॅच’, हा जणू ताणलेला रबरी नकाशा असतो. नकाशावरील दोन अंक दिले की अवकाशातील बिंदू मिळतो. आकार घडवणे यामुळे विलक्षण सोपे झाले. छेद शोधणे मात्र विलक्षण अवघड झाले.

८/
किती अवघड? थॉमस सेडरबर्ग यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात या पृष्ठांची बीजगणितीय समीकरणे तपासली. नेहमीच्या वापरातील द्वित्रिघाती पॅचच्या समीकरणाचा घात १८ निघतो. असे दोन पॅच छेदले की मिळणाऱ्या वक्राचा घात १८ × १८, म्हणजे ३२४ इतका असू शकतो! ही रेषा नेमकी लिहून ठेवणे व्यवहारात अशक्य.

९/
म्हणून संगणकही मोंज यांच्यासारखेच करतो : एक बिंदू शोधायचा, थोडे पुढे सरकायचे, पुढचा शोधायचा, आणि त्यांतून एक सोपा वक्र ओवायचा. कापणे असे प्रत्यक्षात होतच नाही. मूळ पॅच अखंड राहतो. त्याच्या नकाशावर ‘या रेषेपलीकडचे धरू नये’ अशी नोंद होते.

१०/
येथेच खरी मेख आहे. छेदरेषेच्या सहसा तीन प्रती होतात : पहिल्या पृष्ठाच्या नकाशावर एक, दुसऱ्याच्या नकाशावर एक, आणि अवकाशात एक. तिन्ही अंदाजी, म्हणून त्या तंतोतंत जुळत नाहीत. सांध्यात सूक्ष्म फट उरते. ‘इतकी फट चालेल’ असे ठरवलेल्या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात.

११/
एका प्रणालीला चालणारी फट दुसरीला चालेलच असे नाही. फाइल दुसरीकडे उघडली की बंद वाटणारी वस्तू उसवलेली दिसू शकते. अमेरिकी मोटार उद्योगात आराखड्यांची माहिती एकीकडून दुसरीकडे नीट न पोहोचल्याने वर्षाला किमान १ अब्ज डॉलर वाया जातात, असा अंदाज तेथील राष्ट्रीय मानक संस्थेसाठी १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासाने दिला. त्यातला मोठा वाटा निरुपयोगी फाइली दुरुस्त करण्याचा किंवा नव्याने बनवण्याचा होता. उसवलेले सांधे हे त्यामागचे एक परिचित कारण.

१२/
सेडरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फट बुजवण्याचा एक मार्ग मांडला. त्यात मूळ पृष्ठेच सांध्यापाशी किंचित बदलावी लागतात. म्हणजे फट गेली, पण आकार अंशतः हलला. तडजोड टळली नाही, तिची जागा बदलली.

१३/
तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा अचूकतेच्या चढत्या आलेखासारखा वाचतो. हा इतिहास वेगळे सांगतो. पाथरवटाच्या सांध्यात चुना होता, संगणकाच्या सांध्यात टॉलरन्स आहे. फरक इतकाच, की चुना डोळ्यांना दिसत असे.