पस्तीस दिवसांत पंचेचाळीस मैल

गेल्या जुलैत आम्ही चौघा मित्रांनी तीन दिवसांसाठी एक कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतली. आत दोन बेड, एक शेगडी आणि साठ लिटरची पाण्याची टाकी. नोकरी सोडून व्हॅनमध्येच राहायला गेलेल्या लोकांचे रील्स वर्षभर बघत होतो, त्याचा हा परिणाम. सुट्टी मात्र एकाच शुक्रवारची मिळाली. तेवढ्यात काय काय बघायचं याची यादी मी बनवली: वसंतगड, अजिंक्यतारा, सज्जनगड, भूषणगड, मग आटपाडीवरून माण नदी आणि जमलंच तर मिरज.

मित्रांना वाटलं मी गुगल मॅप्सवर बसून रूट काढला. खरं तर यादी औरंगजेबाची होती. १६९९ च्या नोव्हेंबरपासून पुढचं सव्वा वर्ष तो साधारण याच क्रमानं या भागात फिरला. वय एक्क्याऐंशी, आणि सोबत अख्खं घर. घर म्हणजे बादशाही तंबू, जनाना, दफ्तरखाना, खजिना, तोफखाना आणि बाजार.

तो १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. मधली पंचवीस वर्षं उत्तरेत परत गेलाच नाही. शाळेत हे आपण लढायांची यादी म्हणून शिकतो. पण इतकी वर्षं हे लोक राहत कुठे होते, हा साधा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर आहे, बहुतेक काळ तंबूत. हिंदुस्थानची राजधानी म्हणजे त्या रात्री बादशहाचा तंबू जिथे ठोकलेला असेल ती जागा.

हे चालायचं कसं, ते बर्निए नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं लिहून ठेवलंय. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरला निघाला, तेव्हा तो सोबत होता. बादशहाच्या तंबूंचे दोन संपूर्ण संच असत. एका संचात मुक्काम असताना दुसरा एक दिवस पुढे जाऊन पुढच्या जागी उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत. एका संचाला साठाहून जास्त हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. छावणीचा नकाशा ठरलेला. मध्ये लाल कनातींनी वेढलेला बादशाही भाग आणि त्याच्या संदर्भानं प्रत्येक सरदाराची, प्रत्येक बाजाराची जागा पक्की. गाव बदललं तरी आपला तंबू कुठे हे शोधावं लागू नये, अशी कल्पना. लोकेशन रोज नवं, लेआउट तोच. सिस्टिम डिझाइन करणाऱ्या माणसाला हे वाचून हेवा वाटतो. रात्री हरवलेल्यांसाठी उंच खांबावर आकाशदिवा टांगलेला असे. एवढं असूनही धुरात आणि अंधारात आपला तंबू सापडत नाही, ही तक्रार बर्निएनं केलीच आहे.

दक्षिणेतल्या छावणीचं वर्णन करणारा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. जेमेली करेरी हा नेपल्सचा वकील. १६९३ मध्ये तो जग बघायला निघाला आणि १६९८ मध्ये परतला. कुणाचा राजदूत नाही, व्यापारी कंपनीचा माणूस नाही. मिळेल त्या जहाजानं आणि मिळेल त्या जनावरानं फिरणारा, म्हणजे आजच्या भाषेत बॅकपॅकर. १६९५ मध्ये तो गोव्याहून घाट चढून गलगल्याला पोचला. हे गाव आज कर्नाटकात आहे. सांगलीवरून वाहत जाणारी कृष्णाच पुढे तिथे पोचते. तिथल्या छावणीचा घेर तीस मैल आणि आत अडीचशे बाजार, असं त्यानं लिहिलं. घोडदळ साठ हजार. माणसांचा त्यानं दिलेला एकूण आकडा तर इतका मोठा आहे की मी तो सोडून देतो. २१ मार्चला त्याला बादशहाची भेट मिळाली. बारीक बांधा, मोठं नाक, वयानं आलेला बाक, पांढरे कपडे. काठीला टेकून उभा राहून अर्ज घेणारा, चष्म्याशिवाय ते वाचणारा आणि स्वतःच्या हातानं शेरा मारणारा म्हातारा. करेरीनं हे बघितलं, लिहिलं आणि पुढच्या प्रवासाला लागला.

आता सातारा. नोव्हेंबर १६९९ मध्ये कराडजवळचा वसंतगड पडला, डिसेंबरात छावणी अजिंक्यताऱ्याखाली आली. बादशहाचा तंबू करंज्याला होता. आज ते करंजे शहरातच आहे. आम्ही तिथे चहा प्यायलो. त्या टपरीच्या आसपास कुठेतरी हिंदुस्थानची राजधानी साडेचार महिने होती हे चहावाल्याला सांगायचा धीर मला झाला नाही.

किल्ला प्रयागजी प्रभू लढवत होते. बाहेर धनाजी जाधवांसारखे सरदार छावणीकडे येणारं धान्य आणि वैरण तोडत होते. लाखो पोटांच्या शहराला रोज दाणा बाहेरूनच लागतो. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणत, ती वाट अडली की शहर उपाशी. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तरी किल्ला पडला नाही. १३ एप्रिलला मोगलांनी दोन सुरुंग उडवले. पहिल्यानं आतली माणसं मेली. प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, असं ग्रँट डफ लिहितो. दुसऱ्या सुरुंगानं तट आत पडायचा तो बाहेर, हल्ल्याला तयार उभ्या असलेल्या मोगलांवरच कोसळला. सुमारे दोन हजार माणसं गेली. २१ एप्रिलला तह होऊन किल्ला बादशहाकडे आला. लगेच परळी, म्हणजे सज्जनगड. तो ९ जूनला मिळाला.

९ जून ही तारीख साताऱ्याच्या कुणालाही सांगा, तो आधी आभाळाकडे बघेल.

पाऊस लागल्यावर एवढी छावणी त्या खोऱ्यात राहणं अशक्य होतं. २१ जूनला निघाले, पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात भूषणगडाला जायचं म्हणून. जदुनाथ सरकारांनी हिशोब दिलाय: पंचेचाळीस मैल, पस्तीस दिवस. नद्या दुथडी, होड्या अपुऱ्या, ओझ्याची जनावरं चिखलात मरून पडलेली. जनावरं संपल्यावर मोठमोठे सरदारही चिखल तुडवत चालले. आम्ही तेच अंतर अडीच तासांत कापलं, त्यातली वीस मिनिटं वडापावसाठी.

भूषणगड खटाव तालुक्यात मोकळ्या माळावर एकटाच उभा आहे, वर हरणाईचं देऊळ. खाली गाडी वळवताना चाक काळ्या मातीत रुतलं. ट्रॅक्टर येईपर्यंत मेंढरं घेऊन चाललेले एक धनगर बाबा थांबले आणि व्हॅनच्या आत डोकावून सगळं न्याहाळत राहिले.

"पानी किती बसतंय ह्यात?"

"साठ लिटर, बाबा."

"आन् संपल्याव?"

आम्ही गप्प. मग त्यांनीच आपलं सांगितलं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात जातात. तीन घोडी, त्यांच्यावर भांडी, वाकळा, मेंढरांची जाळी, कोंबड्या, वर लहान पोर. आणि परत? "पाऊस लागायच्या आत मागारी. पावसात कोन ऱ्हातंय तकडं?"

मला एकदम पेशखान्यातले साठ हत्ती आठवले. मोगलांकडे फिरत्या घराचं जे तंत्र होतं ते त्या काळी क्वचितच कुणाकडे असेल. पण ते हिंदुस्थानच्या सपाट मैदानांसाठी, रोज थोडं चालायच्या हिशोबानं बनलेलं. सह्याद्रीत जूनमध्ये हलायला लागू नये, एवढी एकच अट त्याला होती. ती बाबांना माहीत होती. बादशहालाही सांगणारे असतीलच. पण अजून एक किल्ला, मग अजून एक, असं करत तो थांबत नव्हता. आमच्या ट्रिपांचं असंच होतं, फक्त आमच्यामुळे कुणाच्या गावची पिकं आणि झाडं साफ होत नाहीत. ही छावणी जिथून गेली तिथे मागे झाडं आणि पिकं उरली नाहीत, माणसांची आणि जनावरांची हाडं उरली, असं मनुची लिहितो. किल्ल्यांची नावं आपण पाठ करतो. त्या वाटेवर कुणाची ज्वारी उभी होती, ते कुठेच लिहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिघंचीजवळ माण नदी ओलांडली. जुलै असून पात्रात बाभळी आणि थोडं डबकं. अशीच ती पुढे सांगोल्याकडे जाते. ऑगस्टच्या शेवटी छावणी तिथे खवासपूरला हलली आणि दोन्ही काठांवर, अगदी पात्रातसुद्धा पसरली. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि या डबक्याच्या नदीला पूर आला. ओरडा ऐकून बादशहा उठला. त्याला वाटलं मराठे आले. घाईत पाय घसरून गुडघा निखळला. तो पुढे मरेपर्यंत लंगडत होता. दरबाऱ्यांनी समजूत काढली की पूर्वज तैमूरही लंगडाच होता.

त्यानंतरही तो थांबला नाही. मिरज, ज्याला मोगल मुर्तजाबाद म्हणत, आणि तिथून मार्च १७०१ मध्ये पन्हाळा.

भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा, मोगलांच्याच नोकरीतला माणूस. त्याच्या आठवणींत एक नोंद आहे. कधी परत जाऊ याचा भरवसा न उरल्यानं लोकांनी बायकामुलांना छावणीतच बोलावून घेतलं. तिथे मुलं जन्मली. ती मोठी झाली, काही म्हातारी झाली आणि घर कसं दिसतं हे न बघताच मेली. आसरा म्हणजे तंबू, दुसरं काही असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका सरदारानं तर एक वर्ष दिल्लीत राहायची परवानगी मिळावी म्हणून बादशहाला लाख रुपये देऊ केले होते.

तीनशे वर्षांपूर्वीच्या या लीव्ह ॲप्लिकेशनबद्दल मी गाडीत वाचून दाखवत होतो, तेव्हा ड्रायव्हिंग करणारा मित्र म्हणाला, मिरजेला वळायचं का? साडेचार वाजले होते. गाडी रात्री दहाच्या आत परत द्यायची होती आणि टाकीतलं पाणी सकाळीच संपलं होतं. आम्ही पुण्याकडे वळलो.