ग्रंथपालाचा उलट प्रश्न

‘दुष्काळावर काही पुस्तक आहे का?’ असा मेसेज आला, तर चांगला ग्रंथपाल लगेच यादी पाठवत नाही. आधी विचारतो, ‘कुठला दुष्काळ? कशासाठी हवंय?’ मग कळतं, की समोरच्याला १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं कशी सुरू झाली, एवढंच हवंय. आणि निबंध उद्याच द्यायचाय.

वाचक पहिल्यांदा जे विचारतो, तो बहुधा त्याचा खरा प्रश्न नसतो. तो दोघांच्या बोलण्यातून हळूहळू घडतो, असं रॉबर्ट टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ साली मांडलं. ग्रंथालयांनी चॅट कसं वापरलं हा इतिहास मला या उलट प्रश्नाचाच इतिहास वाटतो.

त्याची सुरुवात इंटरनेटच्या कितीतरी आधीची. १८७६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहराचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी एक निबंध लिहिला. कपाटं उघडी ठेवली म्हणजे काम संपलं नाही, ग्रंथपालाने वाचकाशी बोललं पाहिजे, हा त्याचा गाभा. पुढे हे बोलणं टेबलावरून टेलिफोनवर गेलं, मग ईमेलवर. पण ईमेलमध्ये एक अडचण होती. उलट प्रश्न विचारला की उत्तर यायला दिवस जायचा.

१९९६मध्ये आयसीक्यू आलं, १९९७मध्ये एओएलचं मेसेंजर. अमेरिकेतली कॉलेजची मुलं रात्र-रात्र तिथे पडीक असायची. मग ग्रंथपालही तिकडे वळले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने तर १९९८ सालीच चॅटवर संदर्भसेवा सुरू केली होती. २००२मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी यांनी मिळून ‘क्वेश्चनपॉइंट’ उभं केलं. एका ग्रंथालयाचा प्रश्न दुसऱ्याकडे सोपवता यावा, ही त्यामागची कल्पना.

काही ग्रंथालयांनी महागडी सॉफ्टवेअर घेतली. त्यांत वाचकाच्या स्क्रीनवर वेबपानं उघडून दाखवायची सोय होती. पण ती वरचेवर अडकायची. फुकटचं मेसेंजर साधं होतं आणि मुलांकडे आधीपासूनच होतं. मात्र तिथे चेहरा दिसत नाही. टेबलापाशी ग्रंथपाल पुस्तक चाळताना दिसतो, चॅटमध्ये फक्त शांतता. दोन मिनिटं उत्तर नाही आलं की वाचक निघून जातो. म्हणून ग्रंथपाल नवी रीत शिकले. उत्तराचे तुकडे करायचे, मधेच ‘शोधतेय, थांब हं’ असं कळवायचं. चेहरा दिसत नाही याचा एक फायदाही होता. टेबलाशी यायला लाजणारं पोर इथे मोकळेपणाने विचारू शकत होतं.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवावा. उलट प्रश्न विचारण्यात वेळ जातो खरा, पण तो पुढचे चुकीचे दोन तास वाचवतो.

या सगळ्यात एक गोष्ट निसटत होती. टेबलापाशी विचारलेला प्रश्न हवेत विरायचा. चॅटमधला प्रश्न लिहिलेला असतो, आणि तो कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. वाचकाने काय मागितलं ते गुप्त ठेवावं, हे अमेरिकी ग्रंथपालांच्या आचारसंहितेत १९३९पासून आहे. कंपनी त्या संहितेला बांधील नव्हती. शिवाय जागाही भाड्याची. ‘मीबो’ची चॅटची चौकट अनेक ग्रंथालयांनी आपल्या वेबसाइटवर बसवली होती. २०१२मध्ये गूगलने मीबो विकत घेतलं आणि सुमारे महिन्याभरात ती सेवा बंद झाली. ग्रंथालयांना घाईने दुसरी सोय पाहावी लागली. त्यांच्यासाठी ‘लायब्ररीहेल्प’सारखी वेगळी साधनं तोवर तयार झाली होती, हे नशीब. २०१७च्या डिसेंबरमध्ये एओएलचं मेसेंजरही बंद झालं.

खिडक्या बंद होत गेल्या, काम टिकलं. आज आपण फोनवर काहीही विचारतो आणि क्षणात भरभरून उत्तर मिळतं. त्या उत्तराचा वेग बघून भुलू नका. ‘तुला हे नक्की कशासाठी हवंय?’ असं समोरून कुणी विचारतंय का, आणि आपण विचारलेलं कुठे साठतंय, एवढं बघा. गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाचा नंबर मिळाला, तर तो सेव्ह करून ठेवायलाही हरकत नाही.