घातांकांचे नियम : संज्ञेकडून चिन्हाकडे

प्रस्तावना : बैजिक राशींना सोपे रूप देताना घातांकांची बेरीज करावयाची की गुणाकार, याविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचाही गोंधळ होतो. चिन्हे रूढ होण्यापूर्वी हे नियम संज्ञांमधून कसे व्यक्त होत होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतीय परंपरा : भारतीय बीजगणितात सहाव्या घातास 'घनवर्ग' म्हणत. घनाचा वर्ग, म्हणून ३ × २ = ६. पाचव्या घातास मात्र 'वर्गघनघात' ही संज्ञा होती. येथे 'घात' म्हणजे गुणाकार. वर्ग व घन यांचा गुणाकार, म्हणून २ + ३ = ५. घाताच्या घाताचा नियम आणि समान पायाच्या गुणाकाराचा नियम यांतील भेद अशा रीतीने नावातच स्पष्ट केलेला दिसतो. ब्रह्मगुप्ताने (इ. स. ६२८) 'पंचगत', 'षड्गत' अशा थेट संख्यादर्शक संज्ञाही योजिल्या. डायोफँटसच्या ग्रीक संज्ञांत मात्र केवळ बेरीज अभिप्रेत होती. त्यामुळे 'घनघन' या अर्थाची संज्ञा त्याच्याकडे सहावा घात दर्शविते, तर भारतीय पद्धतीत नववा.

युरोपातील विकास : निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात शून्य व ऋण घातांक वापरले, परंतु ते १८८० पर्यंत अमुद्रितच राहिले. मायकेल श्टिफेल याने १५४४ मध्ये असे दाखविले की, भूमिती श्रेढीतील गुणाकार व भागाकार यांना अंकगणिती श्रेढीतील बेरीज व वजाबाकी अनुरूप असतात. अक्षराच्या वर उजवीकडे लहान अंक लिहिण्याची आजची पद्धती देकार्तच्या १६३७ मधील 'ला जिओमेत्री' या ग्रंथात आढळते. तथापि वर्गासाठी तो बहुधा अक्षर दोनदाच लिही. न्यूटनने १६७६ च्या पत्रात अपूर्णांकी व ऋण घातांकांचा उपयोग केला.

निष्कर्ष : चिन्हाने लेखन संक्षिप्त झाले, परंतु संज्ञेत सामावलेले कारण दृष्टीआड गेले. नियम केवळ आज्ञा म्हणून पाठ होऊ लागला. शून्य घातांकाची किंमत १ असणे हाही मनमानी संकेत नव्हे. ८ म्हणजे २ चा तिसरा घात. ८ ला ८ ने भागल्यास १ येतो आणि घातांकांची वजाबाकी ३ − ३ = ० येते. नियम अबाधित राखावयाचा, तर २ च्या शून्य घाताची किंमत १ मानणे अपरिहार्य ठरते. अध्यापकांनी 'वर्गघनघात' व 'घनवर्ग' या संज्ञा फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्यास बेरीज कोठे व गुणाकार कोठे, हे विद्यार्थ्यास स्वतःच उमगू शकेल.