एक आस, दोन चाके

डोंगरात, शेतात किंवा नदीच्या पात्रात जाणारी पिकअप घ्यायची म्हटली, की माणसे आधी इंजिनाची चौकशी करतात आणि मग किमतीची. पुढच्या चाकांमागे काय बसवले आहे, हे वाकून पाहणारा विरळाच. खरे तर खडकाळ वाटेवर गाडी निभावणार की नाही, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते. पुढची दोन्ही चाके एका अखंड आसाला जोडायची, की प्रत्येक चाकाला वेगळे वरखाली होऊ द्यायचे? वाहने बनवणाऱ्यांनी या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

सुरुवात मोटारीच्याही आधीची आहे. लंडनचे बग्गी बनवणारे कारागीर ओबाडाया इलियट यांनी 1804 मध्ये वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग बग्गीला बसवली. आपल्याकडचे मेस्त्री त्या पट्टीला ‘पाटा’ म्हणतात. मी शब्दांत रमणारा माणूस. स्वयंपाकघरातला पाटा वरवंट्याचा मार खातो आणि गाडीखालचा रस्त्याचा, एवढे साम्य मला पुरेसे वाटते. पाट्यांचा संच दोन कामे करतो. तो धक्का झेलतो आणि आसाला जागेवर धरूनही ठेवतो. वेगळे दांडे, सांधे लागत नाहीत.

म्हणूनच 1941 पासून अमेरिकी सैन्यासाठी विलिज कंपनीची जीप मोठ्या संख्येने तयार होऊ लागली, तेव्हा तिला पुढे-मागे अखंड आस आणि पाटेच होते. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. 1948 मध्ये आलेल्या ब्रिटिश लँड रोव्हरनेही हीच रचना घेतली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि पाट्यांवरची जीप आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली.

पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या अशा जीपमधून मी कितीतरी कविसंमेलनांना गेलो आहे. दर खड्ड्याला मणक्यांची मोजदाद होत असे. पण पाटा तुटलाच, तर तालुक्याच्या गावी तो बदलून मिळे. मोडलेल्या पाट्याचे पोलाद इतके चांगले, की लोहार त्याचे कोयते करत.

मात्र अखंड आसाला मर्यादा आहेत. एक चाक दगडावर चढले, की दुसरेही कलते. वेग वाढला, की पुढची चाके थरथरू लागतात आणि स्टिअरिंग हातात नाचते. मोटारींचा वेग वाढला, तशी ही अडचण सोसेनाशी झाली. इटलीच्या लान्चिया कंपनीने 1922 मध्येच लाम्ब्डा गाडीची पुढची चाके स्वतंत्र केली होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1934 च्या गाड्यांत ही पद्धत आणली. यात प्रत्येक चाक आपल्या खड्ड्यापुरते वरखाली होते. गाडी मऊ चालते, वळणावर ताब्यात राहते.

मग आडवाटेच्या गाडीलाही तेच का नको? अमेरिकी सैन्याला हाच प्रश्न पडला. फोर्डने आखलेली एम 151 ही नवी जीप 1960 च्या सुमारास आली. तिची चारही चाके स्वतंत्र होती आणि पाट्यांऐवजी तिला गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. ती जुन्या जीपपेक्षा सुखद होती; पण जोरात वळवली, की मागचे चाक आत दुमडून गाडी उलटायची. त्यात सैनिक दगावले. 1970 च्या सुधारित गाडीत मागची रचना बदलावी लागली. सैन्यातून काढलेल्या या जीप सामान्य नागरिकांना अखंड विकू नयेत, त्या कापून मोडीत घालाव्यात, असे सरकारी धोरण ठरले. दोष पुढच्या चाकांचा नव्हता, मागच्या आखणीचा होता. तरी धडा उरतोच. पुढची रचना एकटी निवडता येत नाही, मागचीही सोबत पाहावी लागते.

खडकावर आणखी एक गोष्ट घडते. अखंड आसाच्या मध्यावरचा डिफरन्शिअलचा गोळा चाकांसोबतच वर जातो, त्यामुळे त्याच्याखालची मोकळी जागा फारशी बदलत नाही. स्वतंत्र रचनेत तो गोळा सांगाड्याला जोडलेला असतो. गाडी खाली दबली, की तोही दगडाकडे झुकतो. म्हणून अमेरिकेतल्या टोयोटा पिकअपला 1986 मध्ये स्वतंत्र चाके आली, तरी खडकांवर गाडी चालवणारे शौकीन 1985 पर्यंतची अखंड आसाची गाडी शोधत राहिले.

मधला मार्गही निघाला. 1970 च्या रेंज रोव्हरने आस अखंड ठेवला, फक्त पाटे काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या. लँड क्रूझरच्या 70 मालिकेतल्या पिकअपने 1999 मध्ये पुढे हेच केले, पण ओझ्यासाठी मागे पाटे ठेवले. आपल्याकडे 2010 च्या थारला पुढे स्वतंत्र चाके आणि पीळ खाणारे पोलादी दांडे होते, तर मागे पाटे होते. 2020 च्या थारमध्ये पुढे-मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. 2023 मध्ये भारतात आलेल्या जिम्नीने मात्र पुढचा आस अखंडच ठेवला. म्हणजे जुनी रचना हरली आणि नवी जिंकली, असा हा इतिहास नाही.

म्हणून पिकअप घेणाऱ्याने स्वतःलाच तीन प्रश्न विचारावेत. वर्षातले बहुतेक दिवस गाडी डांबरी रस्त्यावर धावणार, की दगडांवर रांगणार? हौद्यात किती ओझे असणार? आणि रानात काही मोडले, तर जवळच्या मेस्त्रीला ते दुरुस्त करता येईल का? डांबरावर आणि वेगात चालणाऱ्याने पुढची स्वतंत्र चाके घ्यावीत. हळू चालीने खडक ओलांडणाऱ्याला अखंड आस उपयोगी पडेल. सौदा ठरवण्याआधी एकदा गुडघे टेकून गाडीखाली मात्र जरूर पाहावे.